अपवादांमागचे नियम : इंग्रजीच्या इतिहासाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

इंग्रजीत फूटचे अनेकवचन फीट होते, टूथचे टीथ, गूजचे गीस आणि माउसचे माइस. मग बुकचे बुक्स का? इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतो आणि बहुतेक वेळा ‘हे अपवाद आहेत, पाठ करा’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. पाठ करायला हरकत नाही. पण अपवाद म्हणजे भाषेने मनाला येईल तसे केलेले वर्तन, हा जो समज त्यातून रुजतो तो पुढे जन्मभर टिकतो. तो दूर व्हावा, ही या लेखनामागची पहिली इच्छा आहे. इंग्रजीतला जवळजवळ प्रत्येक अपवाद हा एके काळच्या चालत्याबोलत्या नियमाचा अवशेष आहे. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ते जुने नियम समजून घ्यायला मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा कमी कष्ट पडतात. अनेक वर्षे हा विषय शिकवल्यानंतर बनलेले हे माझे पक्के मत आहे आणि पुढे त्याचा पुरावा देण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी माउसकडेच पाहू. इंग्रजी लेखनात येण्याच्याही पूर्वीच्या काळात, तिच्या पूर्वज भाषेत उंदराला ‘मूस’ म्हणत. आपल्या मूषकाशी या शब्दाचे रक्ताचे नाते आहे. एकाहून अधिक उंदरांना ‘मूसिझ’ म्हणत. या रूपात ‘इझ’ हा अनेकवचनाचा प्रत्यय होता. बोलणाऱ्यांची जीभ पुढे येणाऱ्या ‘इ’ची तयारी ‘ऊ’ म्हणतानाच करू लागली. त्यामुळे ‘ऊ’ तोंडाच्या पुढच्या भागात सरकला आणि ‘यू’च्या जवळचा एक स्वर तयार झाला. नंतर शेवटचा ‘इझ’ झिजून नाहीसा झाला. ज्याच्यामुळे स्वर बदलला तो गेला आणि बदललेला स्वर तेवढा मागे राहिला. आता एक उंदीर की अनेक, हे सांगण्याची सगळी जबाबदारी त्या स्वरावर आली. पुढे त्याचा साधा ‘ई’ झाला. पंधराव्या शतकापासून पुढची दोन-तीनशे वर्षे इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून हलले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने या घडामोडीला ‘महास्वरांतर’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यात ‘मूस’चे माउस झाले आणि ‘मीस’चे माइस. ‘फोट’चे फूट आणि ‘फेट’चे फीट होण्यामागेही तेच स्वरांतर आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हा हे स्थलांतर अर्ध्या वाटेवर होते. छापखान्याने अक्षरे हळूहळू जागच्या जागी बसवली, उच्चार मात्र पुढे जात राहिले. इंग्रजी स्पेलिंगने आजवर जितक्या मुलांना रडवले, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता बुक. जुन्या इंग्रजीत त्याचे अनेकवचनही स्वर बदलूनच होत असे. एक ‘बोक’, अनेक ‘बेच’. हा शब्द तसाच चालत आला असता तर आज आपण एक बुक आणि दोन बीच म्हणालो असतो. पण एका गटातल्या पुल्लिंगी नामांना लागणारा ‘आस’ हा प्रत्यय, म्हणजेच आजचा ‘एस’, पुढच्या काळात इतर गटांवर पसरत गेला आणि बुक त्याच्या पकडीत सापडले. फूट आणि टूथ सुटले, कारण पाय आणि दात यांचा उल्लेख अनेकवचनात रोज होतो आणि रोज तोंडात असलेली रूपे लोक विसरत नाहीत. चिल्ड्रनची कथा याच प्रकारची आहे, पण तिला आणखी एक वळण आहे. मुळात ‘चिल्ड’चे अनेकवचन ‘चिल्ड्रु’ होते. त्यातला ‘रु’ हाच अनेकवचन दाखवणारा भाग. काळाच्या ओघात लोकांना तो अपुरा वाटू लागला आणि त्यांनी ऑक्सनमध्ये दिसतो तो ‘एन’ त्याला जोडला. म्हणून चिल्ड्रन या एका शब्दात अनेकवचनाचे दोन प्रत्यय एकावर एक बसले आहेत.

अशा शोधांच्या मुळाशी एक मोठी ओळख आहे आणि ती आपल्याच देशात पटली. 1786 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. जर्मॅनिक भाषांचा, म्हणजे ज्या कुळात इंग्रजी येते त्या कुळाचा उगमही तोच असावा, असे त्यांनी सुचवले. पुढे डेन्मार्कचे रास्मुस रास्क आणि 1822 मध्ये जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी या नात्यातली ध्वनींची शिस्त मांडली. संस्कृतात जिथे ‘प’ आहे तिथे इंग्रजीत ‘फ’ येतो, ‘द’ असेल तिथे ‘ट’ येतो आणि ‘त’ असेल तिथे दातांना जीभ लावून काढलेला ‘थ’ येतो. पाद आणि फूट, दंत आणि टूथ, दश आणि टेन ही उदाहरणे प्रसिद्धच आहेत.

मला मात्र त्यापेक्षा एक साधे सर्वनाम जास्त बोलके वाटते. जुन्या इंग्रजीत दर्शकाची पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी रूपे अशी होती : ‘से’, ‘सेओ’, ‘थॅट’. त्यांच्याशेजारी संस्कृतातली सः, सा, तत् ठेवून पाहा. पहिल्या दोन रूपांत ‘स’ आणि तिसऱ्यात संस्कृतात ‘त’, इंग्रजीत ‘थ’. कर्त्याखेरीज इतर विभक्तींतही तीच व्यवस्था आहे. संस्कृतात तम्, तस्य आणि जुन्या इंग्रजीत ‘थोने’, ‘थॅस’. म्हणजे सगळ्या रूपावलीत ‘स’वाली रूपे दोनच आणि बाकीची सगळी दुसऱ्या ध्वनीची. असे एकटे पडलेले रूप भाषेत फार काळ टिकत नाही. इंग्रजीत इतर रूपांच्या ओढीने ‘से’चे ‘थे’ झाले आणि तेच आजचे ‘द’. आता मराठीकडे पाहा. आपण ‘सः’पासून निघालेले ‘सो’ म्हणत नाही, तो म्हणतो. तो, ती, ते. इथेही इतर रूपांतल्या ‘त’ने ‘स’ला बाजूला सारले. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी, एकमेकींची काहीही कल्पना नसताना, आजीकडून मिळालेली एकच अडचण एकाच रीतीने सोडवली. या विषयाची गोडी लागायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे, असे मला वाटते.

जुन्या इंग्रजीचे व्याकरण पहिल्यांदा पाहणारा इंग्रज विद्यार्थी गोंधळून जातो. नामाला लिंग, तेही तीन, आणि त्यांचा वस्तूशी संबंध असेलच असे नाही. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि बायको या अर्थाचा ‘वीफ’ हा शब्द चक्क नपुंसकलिंगी. विशेषणे नामाप्रमाणे बदलतात. ‘स्टान’ म्हणजे दगड. दगडाचा म्हणायचे तर ‘स्टानेस’, दगडाला ‘स्टाने’, अनेक दगड ‘स्टानास’, दगडांचा ‘स्टाना’, दगडांना ‘स्टानुम’. ज्याच्या भाषेत टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी आहे, जो लहानपणापासून दगड, दगडाचा, दगडांना म्हणत आला आहे, त्याला यात नवल वाटण्याजोगे काय आहे? रूपे नवीन असतील, पण त्यामागची दृष्टी आपल्या परिचयाची आहे.

यातले आज काय उरले? एकवचनाच्या षष्ठीचा ‘एस’ आणि अनेकवचनाचा ‘एस’. बाकीचे प्रत्यय गेले. हे कसे घडले, ते इतर कुठल्याही ग्रंथापेक्षा एका हस्तलिखितात जास्त स्पष्ट दिसते. ते आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. पूर्व इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठाला 1116 मध्ये आग लागली आणि पुष्कळ चीजवस्तू जळाली. नंतर तिथल्या भिक्षूंनी दुसरीकडून इतिहासाची बखर उसनी आणून नव्याने नकलून काढली. 1121 पर्यंतचा मजकूर हा असा नकललेला, त्यामुळे जुन्या प्रमाण इंग्रजीतला. त्यानंतरच्या वर्षांच्या नोंदी मठातल्यांनी स्वतः लिहिल्या आणि 1154 पर्यंत आणून सोडल्या. पाने उलटत जावे तशी भाषा डोळ्यांदेखत बदलते. विभक्तींचे प्रत्यय एकमेकांत मिसळतात, लिंगे डळमळतात, ‘से’च्या जागी ‘थे’ येते. शेवटच्या नोंदी राजा स्टीफनच्या काळातल्या यादवीच्या आहेत. लोकांचे झालेले हाल लिहिणाऱ्याने मन पिळवटून सांगितले आहेत. त्याचे दुःख वाचताना व्याकरणाकडे लक्ष ठेवणे जड जाते, पण इंग्रजीच्या अभ्यासकाला दोन्ही वाचावे लागते.

या पडझडीचे खापर पुष्कळदा 1066 च्या नॉर्मन विजयावर फोडले जाते. ते मला पटत नाही. जुन्या इंग्रजीत आघात बहुधा शब्दाच्या पहिल्या अवयवावर असे. शेवटच्या अवयवांतले स्वर त्यामुळे दुबळे झाले होते आणि विजयाच्या आधीच ते एकमेकांसारखे ऐकू येऊ लागले होते. त्यातच 793 मध्ये लिंडिसफार्नच्या मठावरील हल्ल्याने सुरू झालेल्या व्हायकिंग स्वाऱ्या पुढे वस्तीत बदलल्या आणि उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये नॉर्स बोलणारी माणसे शेजारी म्हणून राहू लागली. दगडाला एक ‘स्टान’ म्हणे, दुसरा ‘स्टेइन्न’. शब्दाचे मूळ दोघांना कळे, घोटाळा होई तो प्रत्ययांत. अशा शेजारात प्रत्ययांवाचून काम भागवण्याची सवय लागली असणे शक्य आहे. प्रत्यय आधी उत्तरेत आणि पूर्वेत गेले व दक्षिणेत उशिरापर्यंत टिकले, ही गोष्ट या मताला बळ देते. नॉर्मनांनी केले ते एवढेच की दरबारातून आणि कचेऱ्यांतून इंग्रजीला हटवले. मग जुनी प्रमाण लेखनपद्धती सांभाळणारे कोणी राहिले नाही आणि बोलण्यात आधीच झालेला बदल कागदावर उमटू लागला.

प्रत्यय गेले की वाक्याला दुसरा आधार शोधावा लागतो. इंग्रजीने तो शब्दक्रमात शोधला. येस्पर्सन यांनी हे समजावण्यासाठी एक वाक्य रचले होते. त्याचे जुने रूप मराठीत जसेच्या तसे उतरते : राजाला नासपती आवडल्या. राजा चतुर्थीत, नासपती कर्त्याच्या जागी आणि क्रियापद नासपतींप्रमाणे अनेकवचनी. पुढे राजाचा ‘ला’ गेला, क्रियापदाचा वचनदर्शक शेवटही गेला. वाक्यात राजा पहिला होता, म्हणून ऐकणाऱ्यांनी त्यालाच कर्ता मानले. शब्दांचा क्रम जराही न बदलता ‘राजाला आवडल्या’चे ‘राजाने आवडून घेतल्या’ असे काहीतरी झाले आणि पुढे आय लाइक ही रचना रूढ झाली. मला आवडते, मला वाटते, मला आठवते असे दिवसभर म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हा बदल आतून कळतो. इंग्रज विद्यार्थ्याला त्यासाठी फळ्यावर आकृत्या काढून दाखवाव्या लागतात.

नॉर्सच्या शेजाराने इंग्रजीला दिलेली सर्वांत आश्चर्याची देणगी म्हणजे दे, देम आणि देअर ही सर्वनामे. नामे भाषा सहज उसनी घेतात, सर्वनामे क्वचितच. पण जुन्या इंग्रजीतली तो, ती आणि ते अनेकजण यांची रूपे ‘हे’, ‘हेओ’, ‘हिए’ अशी होती आणि स्वर झिजल्यावर ती कानाला वेगळी कळेनात. गरज होती आणि शेजाऱ्याकडे माल होता. तरी ही सर्वनामे उत्तरेकडून दक्षिणेकडे हळूहळू आली. 1400 मध्ये वारलेला लंडनचा कवी चॉसर ‘दे’ वापरतो, पण ‘देम’ आणि ‘देअर’ऐवजी जुनीच रूपे लिहितो.

कॅक्स्टनने 1490 मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत या सरमिसळीची एक घटना सांगितली आहे. काही व्यापारी टेम्सवरून जहाजाने नेदरलँड्सच्या बाजूला निघाले होते. वारा पडला, म्हणून केंटच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यातल्या शेफील्ड नावाच्या एकाने एका घरी जाऊन खायला मागितले, विशेषकरून अंडी. त्याने वापरला तो ‘एग्ज’ हा नॉर्स वळणाचा शब्द. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो रागावला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ हा जुना इंग्रजी शब्द उच्चारला, तेव्हा तिला कळले. ‘आयरेन’च्या शेवटीही ऑक्सनमधलाच ‘एन’ आहे. आता कोणता शब्द छापावा, असा प्रश्न कॅक्स्टन वाचकांना विचारतो. एकाच मजकुराच्या अनेक प्रती काढू पाहणाऱ्या माणसाला पडलेला तो खराखुरा प्रश्न होता.

दाउ आणि यू यांच्याबद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. एकाला तू आणि अनेकांना तुम्ही, मग आदरार्थी एकालाही तुम्ही, इथवर इंग्रजी आपल्यासारखीच आली. त्यानंतर तिने तूला घराबाहेर काढले. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी सर्वांना समान मानून मुद्दाम तू म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी न्यायाधीशांचा आणि वडीलधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. सर्वनाम निवडण्यात केवढे सामाजिक वजन असते, हे आपल्या समाजात वाढलेल्याला वेगळे समजावावे लागत नाही.

हे बदल कोणी केले? राजे आणि कवी यांची नावे इतिहासात येतात, पण व्याकरण त्यांनी बदललेले नाही. हेलसिंकी विद्यापीठात टेर्टू नेवालाइनेन आणि हेलेना राउमोलिन-ब्रुनबेर्ग यांनी पंधराव्या ते सतराव्या शतकांतली खासगी पत्रे संगणकावर एकत्र करून त्यांतली रूपे वर्षवार आणि लिहिणाऱ्या व्यक्तीवार मोजली. क्रियापदाच्या शेवटचा ‘एथ’ जाऊन ‘एस’ येणे, ‘तुम्ही’ या अर्थाच्या ‘यी’च्या जागी ‘यू’ येणे, अशा अनेक बदलांत स्त्रिया पुरुषांच्या पुढे होत्या. नॉरफोकच्या पॅस्टन घराण्याची पत्रे या अभ्यासाचा मोठा आधार आहेत. मार्गारेट पॅस्टनने सांगून लिहवलेली शंभराहून अधिक पत्रे त्यांत आहेत. 1448 च्या एका पत्रात ती नवऱ्याकडे घराच्या रक्षणासाठी क्रॉसबो मागते आणि त्याच पत्रात बदाम व साखरही. मालमत्तेचे तंटे, आजारपणे, मुलांची लग्ने यांबद्दल घाईघाईने सांगितलेल्या वाक्यांत इंग्रजीचे व्याकरण घडत होते. एका बदलात मात्र पुरुष पुढे होते. एका वाक्यात दोनदा-तीनदा नकार घालण्याची जुनी रीत आधी शिकलेल्या, कचेरीत काम करणाऱ्या पुरुषांच्या लेखनातून कमी झाली. अठराव्या शतकात बिशप रॉबर्ट लोथ यांनी आपल्या व्याकरणात दुहेरी नकार चुकीचा ठरवला, तेव्हा सुशिक्षितांच्या लेखनातून तो बराचसा गेलेलाच होता. नियम लिहिणारे मागून येतात, हे या क्षेत्रात वारंवार दिसते.

क्रियापदांचे गणितही आता मांडले गेले आहे. 2007 मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या एका लेखात जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित क्रियापदांचा माग काढला होता. त्यांतली 98 आजही अनियमित आहेत, बाकीची ‘एड’ लावून भूतकाळ करू लागली. हेल्पचा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, तो हेल्प्ड झाला. जे क्रियापद जितके कमी वापरले जाते, तितके ते लवकर नियमित होते. म्हणूनच बी, हॅव, गो ही सर्वांत जास्त वापरातली क्रियापदे सर्वांत वेडीवाकडी राहिली. गोचा भूतकाळ वेंट तर मुळात वेंड या दुसऱ्याच क्रियापदाचा आहे. आपल्याकडेही बसचे बसला होते, पण जाचे जाला होत नाही, गेला होते आणि येचे आला होते. नेहमीच्या वापरातली क्रियापदेच जुनी रूपे सांभाळतात.

या विषयाकडे येणाऱ्याने एक पूर्वग्रह दाराबाहेर ठेवावा. प्रत्यय गेले म्हणजे भाषा खालावली, असे एकोणिसाव्या शतकातले अनेक विद्वान मानत. येस्पर्सन यांनी त्याला जोरदार विरोध केला आणि थोड्या साधनांत जास्त काम करणारी भाषा पुढे गेलेली समजावी, असे मांडले. मला दोन्ही मते एकांगी वाटतात. इंग्रजीने विभक्ती सोडल्या, पण प्रश्नासाठी आणि नकारासाठी डू हे सहायक क्रियापद उभे केले, चालू काळाची रचना वाढवली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘घर बांधले जात आहे’ अशा अर्थाची, आज अगदी साधी वाटणारी रचना प्रथमच वापरात आणली. भाषेत एका बाजूने जाते आणि दुसऱ्या बाजूने येते. त्याची बेरीज-वजाबाकी करून गुण देत बसण्यापेक्षा काय गेले, काय आले आणि कशामुळे, हे पाहणे जास्त फलदायी आहे.

तयारी म्हणून फार काही लागत नाही. शाळेत शिकलेले मराठी व्याकरण पुन्हा एकदा वाचून काढावे, विशेषतः विभक्ती आणि प्रयोग. थोडे संस्कृत येत असेल तर उत्तम. 1884 पासून भागाभागांनी निघून 1928 मध्ये पुरा झालेला ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश वापरायला शिकावे. त्यात प्रत्येक शब्दाची रूपे कालक्रमाने दिलेली आहेत. जुन्या इंग्रजीतला एखादा लहानसा गद्य उतारा कोशाच्या मदतीने स्वतः सोडवावा. पहिला उतारा सुटायला वेळ लागतो, त्यापुढे गती येते.

आणि एक विनंती. मराठीच्या इतिहासावर मोठे काम झाले आहे. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीचे व्याकरण लिहिले, झ्यूल ब्लॉक यांचा फ्रेंच ग्रंथ 1920 मध्ये आला आणि वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. पण हेलसिंकीत इंग्रजी पत्रांवर जसे काम झाले, तसे आपल्या पत्रांवर व्हायचे आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि गावोगावच्या घराण्यांकडे मोडीतली पत्रे आहेत. त्यांत राजकारणाच्या खलित्यांबरोबर देण्याघेण्याचे हिशेब आणि घरगुती निरोपही आहेत. इतिहासकारांनी ती लढाया आणि तहांसाठी वाचली. त्यांतली क्रियापदे, सर्वनामे आणि विभक्ती यांसाठी ती फारशी वाचली गेलेली नाहीत. इंग्रजीच्या इतिहासातून ही पद्धत शिकलेल्या तरुण अभ्यासकांनी मोडी शिकावी, ही पत्रे हाती घ्यावीत आणि मोजायला सुरुवात करावी.